शिट्टीबाई आणि उलटपाय

माझ्या मावशीला मावशी म्हणणारा गावात मी एकटाच. बाकी सगळ्यांसाठी ती शिट्टीबाई. आमच्या शाळेत ती पीटी शिकवायची, म्हणजे मैदानाच्या मधोमध उभी राहून शिट्टी फुंकायची आणि अख्खी शाळा तिच्याभोवती पळायची. मीही त्याच शाळेत शिकलो, पण फाटकाच्या आत नातं बंद. एकदा पोटात कळ येते म्हणून सांगायला गेलो आणि सवयीने "मावशी" असं तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "मावशी घरी असते. इथे बाई आहेत. आणि पोटातली कळ पळाल्यावर जाते."

तिची शिट्टी पितळेची, काळ्या दोरीत गळ्यात अडकवलेली. फुंकायची पद्धतही ठरलेली होती. आधी जिभेने भोक बंद करायचं, मागे गालभर हवा साठवायची आणि मग जीभ झटक्यात मागे घ्यायची. त्यामुळे तिच्या शिट्टीचा आवाज सुरू व्हायचा नाही, आदळायचा. शिट्टीच्या पोटातली बुचाची गोळी तडतडायची, आणि ज्यांचा शाळेशी काडीचा संबंध नाही असे रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबायचे.

तिने लग्न केलं नाही. का, हे विचारायला लागणारी छाती आमच्या घराण्यात कुणाकडे नव्हती.

तिला शाळेत पुरून उरलेलं माणूस एकच, संगीतबाई. संगीताचा वर्ग मैदानाला लागून होता. इकडून शिट्टी वाजली की तिकडे खिडकी धाडकन बंद व्हायची, आणि खिडकी बंद झाली की इकडे आणखी एक शिट्टी, विनाकारण. दोघी वर्षानुवर्षं एकाच खोलीत डबा खायच्या आणि एकमेकींच्या मागच्या भिंतीशी बोलायच्या.

मावशी निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात संगीतबाई आपणहून बोलायला उठल्या. आवाज असा गोड की साखर कमी वाटावी. म्हणाल्या, "बाईंनी इतकी वर्षं एकच सूर लावला. पण लावला मात्र असा, की दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही." हॉल हसला. हेडमास्तर हसले. पहिल्या रांगेतला शिपाई तर डोळे पुसत होता. मावशीने भेट मिळालेलं घड्याळ उचललं, "आभारी आहे" म्हटलं आणि सरळ रेषेत चालत बाहेर आली.

मी तेव्हा तिच्याकडेच राहायला होतो. चष्म्याच्या दुकानात नोकरी होती आणि मावशीचं घर तिथून जवळ. घरी आल्यावर तिने घड्याळ कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवलं, शिक्षा केल्यासारखं, आणि मला विचारलं, "ज्यात सूर असतात असं फुंकायचं वाद्य कुठलं रे?"

"बासरी आहे की."

"ती मऊ माणसांची. दुसरं सांग."

मी फोनवर क्लॅरिनेटचा फोटो दाखवला. काळं, सरळसोट, अंगावर चकचकीत बटणं. ती बराच वेळ बघत राहिली. "हे चालेल. पाठ सरळ ठेवून तरी उभं आहे."

"पण कशाला, मावशी?"

"त्या बाईला समोर बसवून ऐकवायचं. एकदाच. तिची मान हलली पाहिजे. मग हे वाद्य अडगळीत गेलं तरी चालेल."

एवढाच तिचा हेतू. वाद्य शिकायला लोक प्रेमापोटी जातात असं मी ऐकून होतो. आमच्या घरात ते सूडापोटी आलं.

पहिले काही महिने ती पुस्तक समोर ठेवून शिकली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते. श्वास हळूच सोडला की ती थरथरते आणि त्यातून सूर निघतो. मावशीला हळूच हा प्रकार माहीत नव्हता. ती पत्तीला जीभ लावायची, हवा कोंडायची आणि जीभ झटकायची. आधी स्फोट, मग किंकाळी. खालच्या मजल्यावरचा विमा एजंट एका संध्याकाळी वर आला. दारातून मान पुढे काढून म्हणाला, "बाई, एखादं मांजर कुठे अडकलंय का?"

"हो. तळमजल्यावर. चष्मा लावतं आणि लोकांच्या दारात मान घालतं."

तो गेला. पण दुसऱ्या दिवशी तिने मान्य केलं की मास्तर पाहिजे.

गावात फुंकायचं वाद्य शिकवणारा एकच होता. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची बँडची खोली होती. खाली पंक्चर, वर सूर. जिन्यावर सगळीकडे रबराचा वास आणि खालच्या कंप्रेसरची घरघर. मास्तर दिवसा पाणीखात्यात मीटर तपासायचे आणि संध्याकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून हातात काठी धरायचे. समोर त्यांचा बँड. पहिल्या रांगेत क्लॅरिनेट घेऊन केमिस्ट, त्याच्या बाजूला ट्रम्पेटवाला शिंपी, मागे मोठ्या ड्रमशी बेकरीवाला आणि आणखी असेच. मास्तर बोलायचे कमी. त्यांनी भुवई उचलली की शिंप्याला घाम फुटायचा. अशी प्रतिष्ठा कमवायला आयुष्य जातं.

आम्ही दारात पोचलो तेव्हा तालीम सुरू होती. मावशीला बघून अर्ध्या बँडची पाठ आपोआप ताठ झाली, कारण अर्धा बँड तिच्या हाताखालून गेलेला. मावशीने मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तिचा चेहरा उजळला, ओळखीचं माणूस सापडल्यावर उजळतो तसा.

"अरे, तू उलटपाय ना?"

मग बेकरीवाल्याच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग सगळ्यांनीच वाद्यं मांडीवर ठेवली.

झालं होतं असं. शाळेच्या संचलनात हा मुलगा ढोल वाजवायचा. हात असे की बघत राहावं, पण पाय कायम चुकीचा पडायचा. सगळ्यांचा डावा तेव्हा याचा उजवा. एका संचलनाच्या आदल्या दिवशी मावशीने याला सगळ्या शाळेसमोर रांगेतून बाहेर ओढलं, गळ्यातला ढोल काढून घेतला आणि म्हणाली, "याचे पाय उलटे बसवलेत." ते नाव त्याला शाळा सुटेपर्यंत पुरलं. पुढे त्याने ते कष्टाने, इस्त्री करकरून पुसून टाकलं होतं. आता ते जिना चढून वर आलं.

मास्तरांचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही. "बोला, बाई. काय काम काढलंत?"

"हे शिकायचंय," मावशीने पेटी पुढे केली.

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं त्याला हसू म्हणता आलं असतं, तर मी म्हटलं असतं. "शिकवतो की. पण इथे मला सगळे मास्तर म्हणतात. आणि अहो म्हणतात."

"बरं. मास्तर, मी कुठे उभी राहू?"

"कोपऱ्यात. भिंतीकडे तोंड करून."

मी मध्ये काही बोलणार होतो. मावशीने माझ्या पायावर पाय दिला आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

ते शिकवणं म्हणजे जुना हिशेब चुकता करणं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. मावशीने सूर आदळला की मास्तर फक्त एक शब्द म्हणायचे, "शिट्टी." पुन्हा आदळला, पुन्हा "शिट्टी." हात दुखेपर्यंत ते तिला वाद्य नुसतं ओठांशी धरून उभं ठेवायचे, न वाजवता. शाळेत ती आम्हाला हात वर करून उभं ठेवायची, अगदी तसंच. मास्तरांना वाटलं असावं की आठवड्याभरात रडेल किंवा भांडेल. ती दोन्हीतलं काही करेना. उलट, चांगली शिक्षा तिला ओळखता यायची, म्हणून एकदा कौतुकाने म्हणाली, "कोपर थोडं आणखी वर घ्यायला सांगा. असं धरलं तर फार दुखत नाही." त्या दिवशी मास्तर तालीम अर्धी सोडून खाली टायर बघत उभे राहिले.

तिने परतफेडही केली. कोपऱ्यात उभी राहून ती पायाने ठेका धरायची, आणि बँड जोरात आला की मास्तरांची काठी पळायला लागते हे तिच्या लक्षात आलं.

"मास्तर, तुम्ही पळताय."

"काठी माझ्या हातात आहे, बाई."

"हातात आहे, पण ती तुमच्या पायांचं ऐकते."

शिंप्याने ट्रम्पेटच्या आत तोंड लपवलं. मला एव्हाना मास्तरांनी झांजा दिल्या होत्या, नुसतं बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. मी झांजा घट्ट धरून ठेवल्या, चुकून हसण्याच्या धक्क्याने वाजायला नकोत म्हणून.

मग गावच्या बागेतल्या चौथऱ्यावर बँडचा कार्यक्रम ठरला. बागेच्या मंडळाने पाहुणे म्हणून संगीतबाईंना बोलावलं, पहिल्या रांगेत, मधली खुर्ची. केमिस्टने ही बातमी तालमीत सांगितली आणि मावशी भिंतीकडून वळली.

कार्यक्रमात एक संथ धून होती. ती क्लॅरिनेटच्या एकाच लांब सुराने सुरू व्हायची. तो सूर कुठून सुरू झाला हे कळता कामा नये. आधी काही नसतं आणि मग तो आहे, असं व्हायला हवं. तो केमिस्टचा सूर होता, वर्षानुवर्षांचा.

"तो पहिला सूर मी वाजवणार," मावशी म्हणाली.

केमिस्टने दुखावून आपलं क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिलं. मास्तरांनी मात्र काठी खाली ठेवली. या संधीची ते पहिल्या दिवसापासून वाट बघत असावेत.

"चालेल. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर परीक्षा. मी पाठ करून उभा राहीन. सूर सुरू झालेला मला कळला की हात वर करीन. हात वर गेला, तर हा जिना पुन्हा चढायचा नाही. मंजूर?"

"मंजूर. आणि नाही गेला तर बागेतला सूर माझा."

घरी येताना मी म्हटलं, "मावशी, तुझी जीभ तुझं ऐकत नाही. कशाला हो म्हणालीस?" ती म्हणाली, "जिभेलाही रांगेत उभं करता येतं." पण जमेना. सूर जरा कुठे हळू यायला लागला की जुनी सवय मध्ये उडी मारायची आणि थुडूक. थुडूक. विमा एजंटाने खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायला सुरुवात केली. आता त्याचाही ठेका बरा बसत होता.

दोन दिवसांनी मी दुकानातून लवकर आलो तर घरात चिडीचूप. मावशी खुर्चीत बसली होती, डोळे मिटलेले, तोंडात जुनी शिट्टी. मला वाटलं, म्हातारीने हाय खाल्ली. जवळ गेलो तेव्हा कळलं, ती फुंकत होती. इतकं हळू की शिट्टीतली गोळी जागची हलत नव्हती. शिट्टीतून एक बारीक, गोल आवाज येत होता. दाराच्या फटीतून वारा येतो तसा. गोळी जरा खडखडली की ती थांबायची, मनातल्या मनात स्वतःला एक शिवी द्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. ज्या गोळीला तिने आयुष्यभर नाचवलं, तिला आता ती झोपवत होती. मी चहा ठेवला आणि कप न वाजवता बाहेर आणला. उगाच कुणी जागं व्हायला नको.

शनिवारी सगळा बँड वेळेआधी हजर. फासावर कोण चढतंय ते बघायला लोक वेळेवर येतात. केमिस्टने नवा शर्ट घातला होता. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधलेले. मावशी खोलीच्या मधोमध आली, वाद्य ओठांना लावलं आणि उभी राहिली.

काही झालं नाही. शिंप्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने खांदे उडवले. मग केमिस्टच्या कपाळावर एक आठी आली, आणि त्याची मान हळूच मावशीकडे वळली. मग माझ्या लक्षात आलं. सूर होता. कधीचा होता, ते मला अजून सांगता येणार नाही.

मास्तर खिडकीशीच उभे होते. वैतागून म्हणाले, "कुणीतरी खाली जाऊन तो कंप्रेसर बंद करायला सांगा रे. काही ऐकू येत नाहीये."

कुणी हललं नाही. बेकरीवाला घसा साफ करून म्हणाला, "मास्तर, कंप्रेसर बंदच आहे. आज टायरवाल्याची सुट्टी."

मास्तर वळले. मावशीने सूर संपवला, तोही तसाच, कुठे संपला ते न सांगता. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग दोनदा बदलला.

"पुन्हा," ते म्हणाले.

"पुन्हा नाही. मैदानावर मी कुणाला दुसरी संधी दिली होती का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मला चांगलं आठवतंय."

शब्दाचे मात्र ते पक्के निघाले. सूर तिला दिला. खुर्ची दिली ती चौथऱ्याच्या खांबाआड, मोठ्या ड्रमच्या मागे. समोरून दिसलीच तर तिची एक चप्पल दिसली असती. मावशीने खुर्ची पाहिली, खांब पाहिला आणि म्हणाली, "उत्तम. इथून मला तुमचे पाय नीट दिसतात."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी संगीतबाई मधल्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर, चेहऱ्यावर परीक्षकाचं हसू. मास्तर चौथऱ्यावर चढले, काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली. खूण करायचीच नाही असं ठरवूनच आले होते. मावशी तिकडे वाद्य ओठांना लावून, श्वास भरून बसलेली. तिला तसं ताटकळत ठेवण्यात त्यांना काय आनंद मिळाला असेल, ते शाळेतल्या आम्हा मुलांनाच कळेल. लोक चुळबुळायला लागले. आणि मग बागेत कुठेतरी सूर होता, मास्तरांची काठी अजून वरच. खूण न करताच धून सुरू झाली होती, आणि त्यांना तिच्यामागे धावावं लागलं.

धावले ते धावलेच. धून वर चढली तशी काठी सुटली. खांबाआडून मावशीची चप्पल खाडखाड वाजायला लागली, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांचे पाय त्यांना न विचारता त्या चपलेच्या मागे निघाले, आणि बाकीचे त्यांच्या मागे. केमिस्ट एकटा काठीबरोबर गेला. थोडा वेळ चौथऱ्यावर दोन बँड होते, एक पुढे आणि एक मागे, आणि मी दोघांसाठी झांजा वाजवत होतो. मग मास्तरांनी खांबाकडे असं पाहिलं की खांब वाकावा. दात आवळून त्यांनी काठी चपलेच्या मापात आणली. शेवट सगळ्यांनी एकत्र गाठला.

टाळ्या झाल्या. बागेतल्या माणसांना यातलं काही कळलं नव्हतं. गर्दी पांगताना संगीतबाई चौथऱ्यापाशी आल्या. मावशी वाद्य पुसत होती, मास्तर स्टँड मिटवत होते.

"अगंबाई, तुम्ही पण होतात का?" संगीतबाई म्हणाल्या. "दिसला नाहीत कुठे. ती सुरुवात मात्र काय झाली हो. सूर कधी आला, कळलंच नाही. तो पुढे बसलेला मुलगा ना, औषधांच्या दुकानातला? छान हात आहे त्याचा."

मावशीने फडकं खाली ठेवलं. "ती मी वाजवली."

संगीतबाई हसल्या. निरोपाच्या भाषणातल्या आवाजासारखंच हसू, तेच गोड. "तुम्ही? बाई, थट्टा पुरे." आणि त्या मास्तरांकडे वळल्या. "खरं का हो, मास्तर?"

मास्तरांनी स्टँडचा एक पाय मिटवला. मग दुसरा. मावशी सरळ उभी होती, हात दोन्ही बाजूंना, कोपऱ्यात उभी राहायची तशी. मला वाटलं, हा माणूस आता नाही म्हणणार. मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो. तिसरा पाय मिटवून झाल्यावर ते म्हणाले, "यांनीच वाजवली. या गावात तसा सूर दुसऱ्या कुणाला येत नाही, मलासुद्धा नाही." आणि लगेच पुढे, "पण नंतर चपला आपटून सगळ्याचा चिखल केला."

"मी आपटल्या नाहीत. तू पळालास," मावशी म्हणाली.

"अहो म्हणायचं ठरलं होतं."

"पळणाऱ्याला अहो म्हणायची माझ्याकडे पद्धत नाही. उद्या मधल्या भागाची तालीम घे. माझ्यासमोर. पायांनी."

"उद्या तुम्ही कोपऱ्यात उभ्या राहणार आहात. आधी ते बघा."

दोघंही बागेच्या फाटकाकडे निघाले, एकमेकांचं वाक्य तोडत. संगीतबाईंची मान हलली की नाही, ते बघायला मावशी थांबलीच नाही. मी पाहिलं. हलली होती, पण आता ते सांगायचं कुणाला. त्या चौथऱ्यापाशी पर्स धरून उभ्या होत्या आणि त्यांच्याशी कुणी भांडतही नव्हतं.

मी मावशीची पेटी, मास्तरांचा स्टँड आणि झांजा सांभाळत मागे चालत होतो. पुढे मावशी खाडखाड चालत होती, बाजूला मास्तर हातवारे करत. तिचा डावा पडला की त्यांचा उजवा पडत होता.